कर्नल पॅनिकची केस व्हेंडरकडे नेताना

लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळतो आणि त्या परवान्याची ११ आणि १२ ही कलमं सरळ सांगतात की या सॉफ्टवेअरला कसलीही हमी नाही. मग व्हेंडरला, म्हणजे लिनक्स बांधून त्याचा सपोर्ट विकणाऱ्या कंपनीला, सबस्क्रिप्शनचे पैसे कशाचे? कोडचे नव्हेत. एका ठरावीक कर्नल बिल्डमागे कुणीतरी उभं राहावं, तो कोसळला तर डंप (त्या क्षणीच्या मेमरीची नक्कल) उघडून बघावा आणि दुरुस्ती त्याच मालिकेत आणून द्यावी, याचे ते पैसे. बहुतेक केसेस (सपोर्टकडे नोंदवलेल्या तक्रारी) याच 'ठरावीक बिल्ड'पाशी अडतात. पॅनिक (सावरता न येणाऱ्या चुकीमुळे कर्नलचं थांबणं) झाल्यावर केलेल्या धावपळीपेक्षा त्याआधी मशीन कसं ठेवलं होतं यावर निकाल जास्त ठरतो, म्हणून इथे बराच भाग सर्व्हर धडधाकट असतानाच उरकायच्या कामांचा आहे. आदेश आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत; टर्मिनलवर नेहमीच्या स्पेलिंगने टाका.

कर्नल कुणाचा?

'युनेम -आर' चालवा. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ वर उत्तर ४.१८.० ने सुरू होतं, ९ वर ५.१४.० ने. उबुंटू २२.०४ चा मूळ कर्नल ५.१५, तर २४.०४ चा ६.८. त्यापुढे डॅशनंतर येतो तो व्हेंडरचा बिल्ड क्रमांक, आणि केससाठी खरा कामाचा तोच. ४.१८ बघून 'हा तर २०१८ चा कर्नल' असं म्हणणं फसवं आहे, कारण नव्या आवृत्त्यांतले हजारो बदल उचलून त्यात बसवलेले असतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. सुरक्षा स्कॅनर नेमका इथे गंडतो: वरचा आकडा जुना दिसला की लाल यादी काढतो. वाद घालण्याआधी 'आरपीएम -क्यू --चेंजलॉग कर्नल-कोअर' मध्ये तो सीव्हीई क्रमांक (सुरक्षा दोषाला दिलेला जाहीर क्रमांक) शोधा. सापडला तर दुरुस्ती आत आहे आणि केस उघडायचं कारणच नाही. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नल प्रकल्प स्वतःच सीव्हीई क्रमांक देऊ लागला, तेव्हापासून असे लाल अहवाल फार वाढले आहेत.

कर्नल व्हेंडरचा आणि मुदतीतला असेल तर पुढे जा. मुदत संपलेल्या मायनर रिलीजचा असेल तर पहिलं उत्तर 'अपडेट करा' असंच येणार. कर्नल डॉट ऑर्गवरून स्वतः बांधलेला किंवा ईएलरेपो या बाहेरच्या भांडाराचा 'कर्नल-एमएल' असेल तर डिस्ट्रोचा (लिनक्स वितरणाचा) व्हेंडर त्याकडे बघणार नाही; तोच बिघाड त्यांच्या कर्नलवर घडवून दाखवावा लागेल. ओरॅकल लिनक्सवर दोन कर्नल येतात, यूईके (ओरॅकलचा स्वतःचा) आणि रेड हॅटशी सुसंगत असलेला. सपोर्ट दोन्हींना असतो, पण बूट कुठला झाला होता ते केसमध्ये लिहायलाच हवं.

एक साधी चूक वारंवार दिसते. अपडेट झालं, पॅकेज बसलं, पण रीबूट झालंच नाही. केसमध्ये नवा क्रमांक लिहिला जातो आणि डंपमध्ये जुना निघतो. पॅकेजांची यादी बघून क्रमांक लिहू नका, चालू कर्नलचा लिहा.

टेंटचा आकडा

टेंट म्हणजे कर्नलवरचा डाग, त्यात काही वेगळं घडल्याची किंवा घुसल्याची खूण. '/प्रॉक/सिस/कर्नल/टेंटेड' ही फाइल वाचा. ० असेल तर उत्तम. नसेल तर तो आकडा म्हणजे दोनच्या घातांची बेरीज असते. १२२८९ हे नेहमी भेटणारं उदाहरण घ्या. त्यातून ८१९२ वजा करा: सही नसलेलं मॉड्यूल (कर्नलला वरून जोडलेला कोडचा तुकडा), अक्षर 'ई'. उरले ४०९७, त्यातून ४०९६ गेले: कर्नलच्या मूळ झाडाबाहेरचं (मुख्य सोर्स कोडमध्ये नसलेलं) मॉड्यूल, अक्षर 'ओ'. उरला १: मालकी परवान्याचं मॉड्यूल, अक्षर 'पी'. ग्राफिक्स कार्डाचा बंदिस्त ड्रायव्हर लावलेल्या मशीनवर हे त्रिकूट सहज दिसतं.

सगळे डाग सारखे नसतात. ५१२ म्हणजे कर्नलने कधीतरी वॉर्निंग छापली. तेवढ्यावरून केस कुणी परत पाठवत नाही. ३२७६८ म्हणजे लाइव्ह पॅच (रीबूट न करता लावलेली दुरुस्ती) लागलाय, तोही दोष नव्हे. १६ असेल तर मशीन चेक (प्रोसेसरने नोंदवलेला हार्डवेअर दोष) झालेला आहे, म्हणजे आधी हार्डवेअरवाल्याकडे जा. रास-डीमनच्या (हार्डवेअरच्या चुका टिपणारी सेवा) किंवा बीएमसीच्या (सर्व्हरवरची स्वतंत्र देखरेख चिप) नोंदीत मेमरी स्टिकचा नंबरही बऱ्याचदा सापडतो. ३२ म्हणजे खराब पेज, इथेही रॅमवर संशय घ्यावाच. १२८ म्हणजे आधीच एक 'उप्स' (कर्नलमधली गंभीर चूक) होऊन गेलाय आणि तुम्ही आता बघताय ते त्याचं शेपूट असू शकतं.

कुठल्या मॉड्यूलमुळे डाग पडला ते '/प्रॉक/मॉड्यूल्स' मध्ये ओळीच्या शेवटी कंसात दिसतं. बंदिस्त अँटिव्हायरस एजंट, बॅकअपचा स्नॅपशॉट ड्रायव्हर, स्टोरेज कंपनीचा स्वतःचा मल्टिपाथ हे नेहमीचे संशयित. मॉड्यूल काढून टाकलं तरी डाग जात नाही. त्यासाठी रीबूटच लागतं.

आता वादाचा मुद्दा. बॅकट्रेसमध्ये (कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांची साखळी) ते मॉड्यूल दिसत असेल तर भांडू नका, त्याच्या कंपनीकडे दुसरी केस लगेच उघडा आणि दोन्ही केसेसमध्ये एकमेकींचे क्रमांक लिहा. बॅकट्रेसमध्ये ते कुठेच नसेल तेव्हा 'याचा काय संबंध?' असं वाटणं साहजिक आहे, पण व्हेंडरचा इंजिनिअर हट्टाला पेटतो त्याला कारण आहे. मॉड्यूलने दुसऱ्याच्या मेमरीवर लिहून ठेवलं तर कर्नल तासाभराने भलत्याच फंक्शनमध्ये मरतो आणि गुन्हेगार बॅकट्रेसमध्ये नसतोच. अशा वेळी एका मशीनवर ते मॉड्यूल बंद ठेवून बिघाड पुन्हा होतो का हे बघणं, हाच वाद मिटवायचा सर्वात जवळचा रस्ता.

केडंप आज तपासा

केडंप ही डंप घेणारी सोय. पॅनिक झाल्यावर केएक्सेकने आधीच राखीव मेमरीत ठेवलेला दुसरा छोटा कर्नल सुरू होतो, मेलेल्या कर्नलची मेमरी 'व्हीएमकोर' नावाच्या फाइलीत लिहितो आणि मशीन रीबूट करतो. हे सगळं जुळलेलं नसेल तर हातात उरतो फक्त स्क्रीनचा फोटो.

१. '/सिस/कर्नल/केएक्सेक_क्रॅश_लोडेड' मध्ये १ असायला हवा आणि 'केएक्सेक_क्रॅश_साइज' मध्ये शून्य नसावं.

२. राखीव मेमरी 'क्रॅशकर्नल' या बूट पॅरामीटरने ठरते. रेड हॅट ९ वर नेहमीच्या ६४ बिट मशीनचे मूळ आकडे असे: १ ते ४ जीबी रॅमला १९२ एमबी, ४ ते ६४ जीबीला २५६ एमबी, त्यापुढे ५१२ एमबी. ८ वर चालणारं 'क्रॅशकर्नल=ऑटो' ९ मध्ये काढून टाकलंय, म्हणून जुनी बूट ओळ तशीच पुढे आणली असेल तर बघून घ्या. 'केडंपसीटीएल एस्टिमेट' किती लागेल त्याचा अंदाज देतो.

३. '/व्हार/क्रॅश' मध्ये जागा आहे ना ते पाहा. डंप लहान करणाऱ्या मेकडंपफाइलला '-डी ३१' दिलं की शून्य पेजेस (१), दोन प्रकारचे कॅश (२ आणि ४), युजर प्रोग्रामांचा डेटा (८) आणि मोकळी पेजेस (१६) गाळली जातात. त्यामुळे मोठ्या रॅमच्या मशीनचाही डंप रॅमच्या मानाने लहान होतो. पण कर्नलने स्लॅबमध्येच (त्याच्या स्वतःच्या वापराची मेमरी) मेमरी खाल्ली असेल तर तो फुगतो, आणि जागा नेमकी तेव्हाच कमी पडते.

४. देखभालीच्या वेळेत खरा पॅनिक घडवा. सेवा थांबवा, 'सिंक' मारा, मग '/प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर' मध्ये इंग्रजी 'सी' हे अक्षर लिहा. मशीन परत आल्यावर व्हीएमकोर आणि 'व्हीएमकोर-डीमेसेज' अशा दोन्ही फाइली सापडल्या पाहिजेत. किती मिनिटं लागली तेही टिपून ठेवा.

चौथी पायरी बहुतेक जण टाळतात आणि त्याची किंमत पहिल्या खऱ्या पॅनिकला मोजतात. सेवा 'ॲक्टिव्ह' दिसते म्हणजे डंप होईलच असं नाही. डझनभर स्टोरेज पोर्ट असलेल्या मशीनवर ड्रायव्हर उचलतानाच दुसऱ्या कर्नलची मेमरी संपते. कन्सोलवर ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोग्राम मारणारी यंत्रणा) दिसतो आणि फाइल तयारच होत नाही. राखीव मेमरी वाढवणं हाच उपाय. नावापुढे 'इनकंप्लीट' लागलेली फाइल सापडली तर डंप अर्ध्यावर तुटला: डिस्क भरली, हार्डवेअर वॉचडॉगने (अडकलेलं मशीन रीसेट करणारा टायमर) मशीन खाली पाडलं, किंवा क्लस्टरच्या दुसऱ्या नोडने 'हा मेला' समजून त्याची वीज कापली. पेसमेकर क्लस्टरमध्ये यासाठीच 'फेन्स_केडंप' असतो. दुसरा कर्नल बाकीच्या नोडना 'डंप चालू आहे, थांबा' असं कळवत राहतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर पासवर्ड टाकायला तिथे कुणी नसतं, तेव्हा डंप नेटवर्कवर किंवा साध्या पार्टिशनवर पाठवा.

लटकलेला सर्व्हर

लटकलेलं मशीन आपणहून पॅनिक होत नाही, म्हणून डंपही मिळत नाही. १२० सेकंद अडकलेल्या टास्कची नोंद कर्नल लॉगमध्ये टाकतो, पण मूळ सेटिंगला अशा १० नोंदींनंतर गप्प बसतो. लॉग शांत दिसला म्हणून अडचण सुटली असं धरू नका, 'कर्नल.हंग_टास्क_वॉर्निंग्ज' शून्यावर आलाय का ते बघा. सॉफ्ट लॉकअपची (प्रोसेसर कर्नलमध्येच अडकून राहण्याची) हद्द वॉचडॉगच्या आकड्याच्या दुप्पट, म्हणजे मूळ १० सेकंदांना २० सेकंद.

डंप हवाच असेल तर 'सॉफ्टलॉकअप_पॅनिक' किंवा 'हंग_टास्क_पॅनिक' तात्पुरता १ करा. दुसरा जपून लावा: एनएफएस (नेटवर्कवरच्या फाइलींचा) सर्व्हर दोन-तीन मिनिटं गायब झाला तरी तुमचं मशीन स्वतःला पाडून घेईल. 'पॅनिक_ऑन_उप्स' मात्र बिनधास्त १ ठेवा. मूळ कर्नलमध्ये तो ० असतो आणि उप्सनंतर मशीन लंगडत चालू राहतं, डेटाला त्यातच जास्त धोका.

कीबोर्ड, नेटवर्क काहीच चालत नसेल तर बीएमसीवरून 'आयपीएमआयटूल चॅसिस पॉवर डायग' हा आदेश एनएमआय (प्रोसेसरला दुर्लक्षित न करता येणारा इशारा) पाठवतो. 'अननोन_एनएमआय_पॅनिक' आधीच १ केलेला असेल तर त्यातून पॅनिक आणि डंप होतो. व्हर्च्युअल मशीनला 'व्हर्श इंजेक्ट-एनएमआय'. शेल जिवंत असेल तर सिसआरक्यूला 'डब्ल्यू' द्या (अडकलेल्या टास्कची यादी मिळते), दहा-दहा सेकंदांनी तीनदा. तिन्ही वेळा तोच टास्क त्याच फंक्शनमध्ये दिसला तर तो खरा अडकलाय. जागा बदलत असेल तर तो नुसता हळू आहे.

उप्सची ओळ वाचताना

समजा लॉगमध्ये नल पॉइंटरची तक्रार आहे, पत्त्याच्या शेवटी २८ आहे, आणि पुढची ओळ अशी:

आरआयपी: ००१०:फू_पोल+०एक्स४४/०एक्स१९० [फू]

आरआयपी म्हणजे प्रोसेसर तेव्हा कोडमध्ये कुठे होता तो पत्ता. म्हणजे 'फू' मॉड्यूलमधलं 'फू_पोल' हे फंक्शन ४०० बाइटचं आहे आणि त्यात ६८ व्या बाइटपाशी कर्नल मेला. पत्ता २८ इतका छोटा आहे याचा अर्थ पॉइंटर रिकामा होता आणि कोड त्या स्ट्रक्चरचं ४० बाइटांवरचं घर वाचायला गेला. हेक्समधले (१६ पायाच्या अंकपद्धतीतले) २८ म्हणजे आपले ४०. फंक्शनचं नाव आणि हे दोन आकडे हीच त्या बिघाडाची सही. केस उघडण्याआधी याच सहीने व्हेंडरच्या नॉलेज बेसमध्ये शोधा. ओळखीचा दोष असेल तर दुरुस्त बिल्डचा क्रमांक तिथेच मिळतो आणि काही दिवस वाचतात.

कॉल ट्रेसमध्ये ज्या ओळीआधी प्रश्नचिन्ह असतं तिच्यावर विसंबू नका. स्टॅकवर पडलेला तो जुना कचराही असू शकतो. 'उप्स' शब्दापुढे चौकोनी कंसात #१ आहे की #२ तेही बघा. पाठवायचा तो #१ च, बाकीचे त्याचे पडसाद.

व्हीएमकोर स्वतः उघडायचा तर 'क्रॅश' हे साधन आणि अगदी त्याच बिल्डचं कर्नल-डीबगइन्फो पॅकेज हवं. शेवटचा आकडा जरी वेगळा असला तरी जुळत नाही. आत गेल्यावर 'लॉग', 'बीटी', सगळ्या सीपीयूंसाठी 'बीटी -ए', डाग पाडणाऱ्या मॉड्यूलसाठी 'मॉड -टी' आणि मेमरीसाठी 'केमेम -आय' एवढ्याने बरंच कळतं.

केसमध्ये काय लिहायचं

'सर्व्हर डाऊन झाला, आरसीए (मूळ कारण) पाहिजे, अर्जंट' अशा मजकुरावर पहिला दिवस उलट प्रश्नांतच जातो. त्याऐवजी असं लिहा:

'डेटाबेस नोड २. कर्नल अमुक (युनेमचं पूर्ण उत्तर). यूटीसी वेळ ०३:१४ ला पॅनिक, आरआयपी फू_पोल+०एक्स४४. महिन्यात दुसऱ्यांदा, दोन्ही वेळा रात्रीच्या बॅकअपमध्ये. ९ दिवसांपूर्वी नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर बदललं. तशाच नोड १ वर जुनं फर्मवेअर आहे, तिथे काही झालं नाही. टेंट ०. व्हीएमकोर आणि सॉस रिपोर्ट चढवले, शा-२५६ चेकसम खाली. प्रश्न: हा ओळखीचा दोष आहे का, आणि कुठल्या बिल्डमध्ये दुरुस्त आहे?'

एका केसमध्ये एकच बिघाड. सेव्हेरिटी १ म्हणजे प्रॉडक्शन आत्ता बंद आहे आणि तुमचा माणूस चोवीस तास फोनवर आहे. मशीन रीबूट होऊन कामाला लागलं असेल आणि फक्त कारण हवं असेल तर ती सेव्हेरिटी १ नव्हे. तरी तसं टाकलंत तर ती खाली आणली जाते आणि खऱ्या आगीच्या वेळी तुमच्या शब्दाला वजन राहत नाही.

'सॉस रिपोर्ट' (मशीनची सेटिंग आणि लॉग एकत्र गोळा केलेली फाइल) पॅनिकनंतरच्या पहिल्या बूटमध्येच काढा. सुसेवर त्याऐवजी 'सपोर्टकॉन्फिग'. मागच्या बूटचे लॉग 'जर्नलसीटीएल -के -बी -१' ने मिळतात, पण जर्नल डिस्कवर साठवत असाल तरच. डंप झालाच नसेल तर '/सिस/एफएस/पीस्टोअर' किंवा '/व्हार/लिब/सिस्टमडी/पीस्टोअर' चाळा, फर्मवेअरच्या कोपऱ्यात शेवटच्या ओळी टिकलेल्या असू शकतात.

गोपनीयतेचं आधीच ठरवा. 'सॉस क्लीन' होस्टनेम आणि आयपी पत्ते झाकतो. व्हीएमकोर तसा झाकता येत नाही. युजर डेटाची पेजेस गाळली तरी कर्नलच्या बफरमध्ये नेटवर्क पॅकेट, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या राहू शकतात. सुरक्षा विभागाची परवानगी पहाटे तीन वाजता मिळत नाही, ती आज घेऊन ठेवा. परवानगी मिळणारच नसेल तर 'क्रॅश'मधल्या आदेशांचा मजकूर तेवढा पाठवता येतो. काम चालतं, फेऱ्या वाढतात.

उत्तर आल्यावर

पहिल्या फळीकडून 'नव्या कर्नलवर जा' असं येतं. दर वेळी ती टाळाटाळ नसते. मधल्या बिल्डमध्ये खरंच दुरुस्ती असू शकते. पण विचारा: कुठल्या बदलामुळे? चेंजलॉगमधली ओळ दाखवा. उत्तर नसेल तर 'कर्नल टीमने व्हीएमकोर पाहिलाय का?' हा एकच प्रश्न लेखी विचारा. आवाज चढवण्यापेक्षा तो जास्त काम करतो.

अपडेटनंतर बिघाड सुरू झाला असेल तर जुना चांगला कर्नल जपा. डीएनएफ (पॅकेज बसवणारं साधन) मुळात तीनच कर्नल ठेवतो, चौथा आला की सर्वात जुना उडतो, 'इन्स्टॉलओन्ली_लिमिट' वाढवा. चांगल्या आणि बिघडलेल्या बिल्डच्या मध्ये सात बिल्ड असतील तर मधला मधला उचलून तीन चाचण्यांत दोषी बिल्ड सापडतो. हे व्हेंडरला दिलंत तर त्यांचं शोधायचं रान एकदम आकसतं.

टेस्ट कर्नल मिळाला तर तो जुन्याच्या शेजारी बसवा, जुना काढू नका. त्याची सही नेहमीच्या किल्लीची नसेल तर सिक्युअर बूट त्याला उभंच करणार नाही, हे आधी विचारून घ्या. तो चाचणीपुरता असतो. कायमची दुरुस्ती कुठल्या अपडेटमध्ये येणार आणि मूळ कर्नलमधला तो कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) कुठला, हे लेखी मागा. लाइव्ह पॅचची वाट बघत बसू नका. ती सोय मूळ कर्नलमध्ये २०१५ च्या ४.० पासून आहे, पण व्हेंडर त्यातून मुख्यतः निवडक सुरक्षा दुरुस्त्याच देतात.

फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त सिस्टिमची गोष्ट थोडी वेगळी. तिथे एकच मोठा व्हेंडर नाही. उपकरण बनवणारी कंपनी किंवा सल्लागार सपोर्ट देतात. तयारी तीच: आरसी डॉट कॉन्फमध्ये 'डंपडेव्ह' ला 'ऑटो' द्या, पुढच्या बूटला 'सेव्हकोर' डंप '/व्हार/क्रॅश' मध्ये आणतो आणि शेजारी 'कोर' नावाची वाचता येण्याजोगी मजकुराची फाइल तयार होते. निम्म्या प्रश्नांना तीच पुरते.

केस बंद करताना दोषी फंक्शन, कमिट आणि दुरुस्त बिल्डचा क्रमांक शेवटच्या नोंदीत लिहून घ्या. 'हंग_टास्क_पॅनिक' परत ० करा, आणि '/व्हार/क्रॅश' मधले जुने डंप हलवा, नाहीतर पुढच्या डंपला जागा उरणार नाही.